शेवंतीला काय वाटतंय

कोपरीत डॉक्टर दाबक्यांचं घर विचारलं, तर शेंबडं पोरसुद्धा सांगायचं, "घोडीवाले डॉक्टर ना? ते काय, विहिरीच्या पुढे." आता डॉक्टर म्हणजे माणसांचे नव्हेत, जनावरांचे. आणि तेही दवाखाना थाटून बसलेले नव्हेत; मुंबईच्या कॉलेजात ते जनावरांचे डॉक्टर तयार करायचे. त्र्यंबक दाबके हे नाव दारावरच्या पाटीवर तेवढं उरलं होतं. कॉलेजात ते 'सर', गल्लीत 'घोडीवाले', आणि ज्या एका माणसाने जन्मभर त्यांना नुसतं 'अहो' म्हटलं, ती सुमती चार वर्षांपूर्वी, बावन्न सालच्या थंडीत, न्यूमोनियाने गेली होती.

शिकवायचे काय, तर भूतदया. वेळापत्रकात त्या तासाचं नाव चांगलं लांबलचक होतं, पण पोरांनी त्याचं 'भुताचा तास' करून टाकलं होतं. परीक्षेत त्यावर एक प्रश्न येत नसे. तास कधी, तर शनिवारी दुपारी, जेवणानंतर. अहो, शनिवारी दुपारी जेवणानंतर खरं भूत आलं तरी त्याला कोणी भेटायचं नाही! तरी आठ-नऊ जण नेमाने बसत, कारण सर शिकवताना चिडायचे, आणि चिडले की बघण्यासारखे व्हायचे.

"दया? डोंबलाची दया!" ते टेबलावर हात आपटून म्हणायचे. "दया तुमच्या पोटात येते, दुखतं त्याच्या पायात. तुम्हाला दया आली म्हणून त्याचं दुखणं थांबतं का? जनावर तपासायला गेलात की आधी लांब उभे राहा. हात मागे बांधा आणि बघा. मालकाचं ऐकू नका. मालक खोटं बोलतो. मुद्दाम नाही बोलत बिचारा, पण बोलतो. 'खातंय बरं का डॉक्टर,' म्हणतो, 'कालच्यापेक्षा बरं आहे,' म्हणतो. कारण त्याला ते जनावर हवं असतं. तुम्ही त्याच्या तोंडाकडे बघून औषध द्याल, तर पुढच्या जन्मी टांग्याला जुंपले जाल, सांगून ठेवतो!"

पोरं हसायची. सरही मग थोडे हसायचे. आठवड्यातून एवढंच एकदा.

बाकीचे सगळे दिवस कसे जायचे ते न विचारलेलंच बरं. सकाळी स्टोव्हवर एक कप चहा, संध्याकाळी पिठलं किंवा खिचडी, तीही कधी करपलेली. मूलबाळ नव्हतं. बहीण होती ती बेळगावला. सुमती गेल्यावर वर्षभर लोक येऊन बसत, मग सणावारी येऊ लागले, मग रस्त्यात भेटले की "एकदा यायचंय हो तुमच्याकडे" म्हणू लागले. जगाची रीतच आहे ती, त्यात कोणाला नावं ठेवायची?

पण अंगणात शेवंती होती.

शेवंती ही मारुतीच्या टांग्याची घोडी. स्टेशनपासून घरापर्यंत दाबके नवराबायको त्याच टांग्यातून यायचे. दारात टांगा थांबला की सुमती आत जायची आणि शिळ्या भाकरीचा तुकडा घेऊन यायची. "अहो, थांबा हो, तिला देऊ द्या," म्हणायची, आणि तुकडा संपेपर्यंत मारुतीला निघू द्यायची नाही. घोडीही अशी लबाड, की दाबक्यांचं दार आलं की मारुतीने लगाम न ओढताच थांबायची. पुढे रस्त्यावर मोटारी झाल्या, खोपटला एस.टी.च्या गाड्या सुटायला लागल्या, मारुतीचा धंदा बसला. तो साताऱ्याकडे गावी जायला निघाला. "कल्याणच्या बाजारात इकून टाकतो सायेब हिला, दुसरं काय करू?" असं तो म्हणाला, तेव्हा त्र्यंबकराव घाईघाईने म्हणाले, "बाजारात कशाला? इथेच बांध." सुमतीला जाऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते.

लोकांना वाटलं, डॉक्टर मोठे दयाळू. तसं काही नव्हतं. खरी गोष्ट त्र्यंबकरावांना ठाऊक होती आणि ती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. या घरात सुमतीचा आवाज ओळखणारा आता दुसरा जीव नव्हता. ते कधी अंगणात उभे राहून, इकडेतिकडे कोणी नाही असं बघून, सुमतीच्या ढंगाने हाक मारायचे, "शेवंते, ए शेवंते," आणि घोडी कान टवकारून स्वयंपाकघराच्या दाराकडे मान वळवायची. डॉक्टरांकडे नाही, दाराकडे. मग त्यांना वाईटही वाटायचं आणि बरंही वाटायचं. पन्नाशी उलटलेल्या, शिकलेल्या माणसाने असं करावं का? करू नये. पण ते करायचे.

आणि याच घोडीवर ते आपल्या तासाचा शेवट करायचे. हा त्यांचा नेम. सत्राच्या अखेरच्या शनिवारी तास कॉलेजात नाही, कोपरीत. पोरं दुपारी घरी यायची. सरांनी स्वतः केलेले, थोडे कच्चेच राहिलेले पोहे खायची, मग अंगणात रांगेने उभी राहायची. सर एकेकाला पुढे बोलावून विचारायचे, "शेवंतीला काय वाटतंय? बघा आणि सांगा."

पहिल्या वर्षी पोरांनी सांगितलं, घोडी थकलेली आहे पण मजेत आहे. आणि ती मजेत होतीच. दुसऱ्या वर्षीही सांगितलं, मजेत आहे. तिसऱ्या वर्षी, म्हणजे गेल्या साली, तेच सांगितलं. त्र्यंबकरावांना ते ऐकून इतका आनंद व्हायचा, की पोरं गेल्यावर ते घोडीला सांगायचे, "ऐकलंस का? नऊ डॉक्टरांचा निकाल आहे."

यंदा नऊ नव्हते, पाच होते. त्यांत एक मुलगी, हेमा गुप्ते, डोंबिवलीची. सबंध कॉलेजात मुली दोनच, त्यातली ही. वडील रेल्वेच्या ऑफिसात कारकून. घरच्यांनी आधी 'गायीम्हशींची डॉक्टर' म्हणून डोक्याला हात लावला होता, मग तिच्या हट्टापुढे गप्प बसले होते. हुशार म्हणावी तर तशी नव्हती. बोलायला लागली की अडखळायची, आणि मागच्या दोन शनिवारी तर तासालाच आली नव्हती.

अंगणात पाचजण उभे राहिले. शेवंती छपराखाली होती. पायाखाली त्र्यंबकरावांनी गवताचा वीतभर थर घातलेला. शेजारच्या सिंधी कुटुंबातल्या बाईने नुकताच गूळ भरवला होता, तो तिच्या ओठाला लागलेला.

"विश्राम, चल, तू सांग," सर म्हणाले.

विश्राम वर्गात पहिला. त्याने हात मागे बांधले, थोडं लांबून बघितलं, मग सरांकडे बघितलं. "छान आहे सर. वयाच्या मानाने एकदम खूष."

"गुरुदत्त?"

"मजेत आहे सर. अंगावर चकाकी आहे बघा ना."

तिसऱ्याने तेच सांगितलं, चौथ्याने तेच. सरांच्या चेहऱ्यावर हळूहळू ते दरसालचं समाधान पसरलं. मग त्यांनी हेमाला पुढे बोलावलं.

हेमा उभी राहिली ती उभीच राहिली. कितीतरी वेळ. मागून विश्राम खाकरला. ती वळली नाही. घोडीने उजवा पुढचा पाय उचलला, जमिनीला टेकवला आणि पटकन परत उचलला.

"तिला दुखतंय सर," हेमा म्हणाली.

"काय?"

"पुढच्या दोन्ही पायांत. ती पुढचे पाय पुढे टाकून उभी आहे आणि सगळा भार मागे घेतलाय. खुरांत आग होत असणार. डोळ्यांवर खळगे पडलेत. कोपरांना घट्टे पडलेत, म्हणजे दिवसातला बराच वेळ ती पडून असते." ती थांबली. मग म्हणाली, "आणि हे आत्ताचं नाहीये सर. फार दिवसांचं आहे."

गुरुदत्तने डोळे मिटून घेतले. विश्राम घाईघाईने म्हणाला, "सर, तिला काय कळतंय, ती दोन तासांना आलीच नव्हती..."

"गप्प बस तू!" त्र्यंबकराव ओरडले, आणि मग हेमावर वळले. "दोन शनिवार दांड्या मारायच्या आणि तिसऱ्या शनिवारी मला शहाणपणा शिकवायचा? पंचवीस वर्षं घोडे बघतोय मी. रोज हिच्या खुरांना माझा हात लागतो. तुला दिसलं आणि मला नाही दिसलं? उद्धटपणा म्हणतात याला! चला, निघा सगळे. तास संपला."

पोरं चपला शोधत बाहेर पडली. हेमाचे डोळे भरून आले होते, पण तिने शब्द मागे घेतला नाही. दारातून बाहेर पडताना ती एवढंच म्हणाली, "सॉरी सर." मग तीही गेली.

त्र्यंबकराव संध्याकाळभर धुमसत राहिले. कालची पोर! अडखळल्याशिवाय एक वाक्य बोलता येत नाही आणि निदान करते! ते खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारत होते. त्या रात्री ते जेवले नाहीत आणि, कधी नव्हे ते, झोपण्याआधी शेवंतीकडे गेलेही नाहीत. का गेले नाहीत? रागाने, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. आपण ते खरं धरून चालू नये.

सकाळी उजाडल्यावर चहा न घेताच ते अंगणात आले. नेहमी ते थेट छपरात शिरत, तिच्या मानेवर थाप मारत, बोलत. आज ते अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, कुंपणापाशी उभे राहिले. हात मागे बांधले. चार वर्षांत पहिल्यांदाच ते शेवंतीकडे अशा लांबच्या, परक्या नजरेने बघत होते.

खाडीवरून खारा वारा येत होता. घोडी पडलेली होती. त्यांची चाहूल लागून तिने उठायला धडपड केली. एकदा उठली आणि बसली, दुसऱ्यांदा उठली. उभी राहिली ती पुढचे पाय लांब टाकून, सगळं अंग मागे झोकून. उजवा पाय उचलला, टेकवला, उचलला. अंग थरथरत होतं. मग तिने मान खाली घातली आणि काहीच केलं नाही.

त्र्यंबकरावांनी हे हजार वेळा पाहिलं होतं, दुसऱ्यांच्या घोड्यांत. कल्याणच्या टांगा-अड्ड्यावर पोरांना नेऊन दाखवलं होतं. मालकांना खडसावलं होतं, "आंधळे आहात का रे?" आणि घरी रोज गवताचा थर जाड करत गेले होते. वय झालं म्हणून, थंडी आहे म्हणून, जमीन कडक आहे म्हणून. शेजारणी गूळ भरवायच्या तो अशा दुखण्याला विष, हे त्यांना कळत नव्हतं का? कळत होतं. पण गूळ खाताना तिचे कान हलायचे, आणि कान हलले की त्यांना वाटायचं, आहे, बरी आहे.

"शेवंते," त्यांनी हाक मारली. सुमतीच्या ढंगाने नाही, आपल्याच आवाजात. घोडीने मान वर केली नाही. तिला मान वर करायचंही सुख उरलं नव्हतं, आणि ते आपल्या एकटेपणासाठी तिला रोज उभी करत होते. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की ते तिथेच कुंपणाला धरून खाली बसले.

बरी होण्यातली ती नव्हती. सहा महिन्यांपूर्वी कदाचित काही करता आलं असतं. आता करण्यासारखी एकच गोष्ट उरली होती.

तासाभराने ते डोंबिवलीला उतरले. गुप्त्यांचं घर स्टेशनपासून चांगलंच आत, भाताच्या शेतांच्या कडेला, कौलारू चाळीत. हेमाच्या आईने त्यांना बघितलं आणि तिच्या हातातलं भांडंच निसटलं. "अगंबाई, सर! हेमाने काय केलं हो?"

"काही नाही केलं. एक काम आहे तिच्याकडे."

हेमा बाहेर आली. रविवार होता, केस धुतलेले, ओलेच. त्र्यंबकराव उभ्यानेच म्हणाले, "तू म्हणालीस ते खरं आहे. आज तिला मोकळी करायची. औषध माझ्याकडे आहे. पण ते तू द्यायचंस."

"मी? सर, मी अजून कधीच..." तिचा चेहरा पांढराफटक पडला. "तुम्ही आहात ना."

"मी मालक आहे गं," ते म्हणाले. "मी हात लावला तर आणखी एक दिवस थांबेन. मग आणखी एक. मला माहीत आहे ना."

हेमाच्या वडिलांनी कपाळाला आठ्या घातल्या, आईने देवाकडे बघून हात जोडले. पण हेमा आत गेली, ओल्या केसांचीच वेणी घातली आणि निघाली.

कोपरीला पोचल्यावर मात्र ती बदलली. म्हणजे धीट झाली असं नाही. पण त्र्यंबकराव औषधाच्या बाटल्या काढून देऊन छपराकडे निघाले, तेव्हा ती म्हणाली, "सर, तुम्ही आधी बसा." त्यांनी ओट्यावर बसकण मारली. तिने त्यांच्यासमोर उभं राहून, अडखळत, पण सगळं सांगितलं. आधी झोपेचं औषध देईन. ती हळूहळू खाली बसेल. मग दुसरं औषध शिरेत. दुखणार नाही. थोडी थरथर होईल, ती बघून घाबरू नका, ती तिची नसते. यातलं त्र्यंबकरावांना काय माहीत नव्हतं? हे त्यांचेच शब्द होते. तरी त्यांनी प्रत्येक शब्द पहिल्यांदा ऐकावा तसा ऐकला, आणि दर वाक्याला मान हलवली.

"तुम्हाला तिच्याजवळ थांबायचंय का?"

"थांबतो."

ते शेवंतीच्या तोंडाशी गवतात बसले. तिची मान मांडीवर आली तेव्हा ती केवढी जड आहे ते त्यांना कळलं. त्यांना वाटलं होतं, आपण काहीतरी बोलू, सुमतीचं नाव घेऊ. पण ते नुसते तिच्या कपाळावरून हात फिरवत राहिले. हेमाला शीर पहिल्या खेपेला सापडली नाही. ते बघत होते, पण त्यांनी हात पुढे केला नाही. दुसऱ्या खेपेला सापडली. मग फार वेळ लागला नाही.

हेमाने कान लावून ऐकलं, डोळ्याला बोट लावून बघितलं. "गेली सर," ती म्हणाली. आडपडदा न ठेवता, सरळ.

पुढची व्यवस्था करायला गल्लीतली माणसं आली, गाडी आणायला गेली. अंगण पुन्हा रिकामं झालं. ओट्यावर एका टोकाला सर आणि दुसऱ्या टोकाला हेमा, असे दोघे बसून राहिले. छपरात वीतभर गवत होतं आणि त्यात तिच्या अंगाचा खोलगट ठसा.

"गेल्या वर्षीच्या मुलांना दिसलं नसेल, नाही का?" त्र्यंबकराव म्हणाले. "तेव्हा एवढं नसणार. सुरुवात असेल."

हेमा पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

"मी विचारतोय तुला."

"दिसलं होतं सर." ती म्हणाली. "त्यांनीच आम्हाला सांगून ठेवलं होतं. सरांच्या घरी गेलात की घोडी मजेत आहे म्हणायचं. काल गल्लीच्या तोंडाशी विश्रामने सगळ्यांना परत बजावलं."

"का पण? मी काय खाणार होतो तुम्हाला? गुण तर नाहीत या विषयाला!"

"भीतीने नाही सर. बाई गेल्यावर सरांना तेवढंच आहे, असं म्हणायचे सगळे. घोडी गेली की सर एकटे पडतील. म्हणून कोणी बोललं नाही. शेजारच्यांनाही माहीत होतं. त्या गूळ देणाऱ्या बाई मला काल दारात म्हणाल्या, बेटी, कुछ मत बोलना."

त्र्यंबकराव ऐकत राहिले. म्हणजे गेल्या सालची आणि यंदाची, दोन्ही सालची पोरं, हात मागे बांधून, लांब उभी राहून, नीट बघत होती. त्यांनी शिकवलेलं सगळं त्यांना आलं होतं. फक्त त्यांनी घोडीऐवजी मालकाकडे बघितलं होतं आणि अळीमिळी गुपचिळी केली होती. सगळ्या कोपरीने त्यांच्यावर दया केली, आणि ती दया वर्षभर त्या मुक्या जिवाने आपल्या खुरांवर सोसली.

"आणि तू?" त्यांनी विचारलं. "तुला नाही आली माझी दया?"

"आली ना सर. फार आली. म्हणून तर मागचे दोन शनिवार मी आलेच नाही. मला खोटं बोलता येत नाही आणि खरं बोलवेना. काल मी सुद्धा 'मजेत आहे' म्हणणार होते, खरंच. पण तिने पाय टेकवला आणि तो उचलला, आणि..."

बाहेर गाडीची चाकं वाजली. माणसं कुंपणाची फळी काढायला लागली. त्र्यंबकरावांनी छपराकडे बघितलं, मग उघड्या दारातून आत, दोन खोल्यांच्या घराकडे. आणि जन्मात कधी विद्यार्थ्याला विचारलं नव्हतं ते, एखाद्या म्हाताऱ्या टांगेवाल्याने डॉक्टरला विचारावं तसं, त्यांनी विचारलं, "आता गं माझं काय होईल?"

हेमाला काहीतरी गोड बोलता आलं असतं. आम्ही येत जाऊ सर, दुसरं जनावर आणू, होईल सवय. ते सगळं तिच्या ओठांपर्यंत आलंही. तिने ते गिळलं आणि सरांच्या डोळ्यांत बघून सांगितलं.

"आता तुम्ही एकटे पडाल, सर."

"बरोबर," त्र्यंबकराव म्हणाले. वर्गात म्हणायचे तसंच, ठासून म्हणाले. आणि मग ते रडायला लागले.